जिंतूर रोडच्या रेसच्या गाड्या

माणसं जगावेगळी वस्तू बनवत असली, की तिथं किस्से शोधावे लागत नाहीत. चहाला बसलं की एखादा घेऊनच उठायचं. परभणीत जिंतूर रोडला कदम सर आणि सलीमभाईंचं पत्र्याचं शेड आहे, तिथं माझं असंच झालं. सर आयटीआयमधून रिटायर झालेले, सलीमभाई त्यांचेच जुने विद्यार्थी, डेंटिंगच्या कामात मुरलेले. दोघं मिळून आजोबांच्या काळातल्या विलायती रेसच्या गाड्या हुबेहूब बनवतात. दोन सीटा, छत नाही, नाक लांब. ऑर्डर आली की एक, तीही सवडीनं. मी जनावरांचा डॉक्टर. माझा या गाड्यांशी संबंध यायचं काही कारण नव्हतं.

*

माझ्या जीपला धडक बसली म्हणून ती डेंटिंगला नेली होती. शेडमध्ये ताडपत्रीखाली काहीतरी झाकलेलं. सलीमभाईंनी ताडपत्री ओढली आणि मी पुढं होऊन बघायला लागलो. रंग लागला नव्हता, नुसता ॲल्युमिनियमचा पत्रा. पण शर्यतीत सोडायच्या आधी बैल जसा अंग आवळून धरतो, तशी ती गाडी उभी होती.

"कोणत्या कंपनीची?" मी विचारलं.

"आमच्याच," सलीमभाई म्हणाले.

जीप राहिली बाजूला. मी त्याच दिवशी माझ्यासाठी एक गाडी सांगून आलो. घरी सांगायला मात्र वेळ लागला.

*

काम सुरू करायच्या आधी सरांनी मापाला बोलावलं. बायकोही बरोबर आली. जमिनीवर पोतं टाकून मला पाय लांब करून बसवलं, हातात एक जुनं स्टेअरिंग दिलं. सलीमभाईंनी स्टेअरिंगपासून पोटापर्यंत टेप लावली.

"डॉक्टरसाब, पोट हितकंच ठिवनार का कमी करनार? तसं स्टेअरिंग लावतो."

"कमी व्हायची वाट बघू नका," बायको म्हणाली. "गाडी व्हायचीच नाही."

*

पुढं गाडीचा सांगाडा तयार झाला. इंजिन, चाकं, दोन सीटा, बाकी काही नाही. सर म्हणाले, पेडगावच्या रस्त्याला चालवून बघू. निघालो, तर मेंढरं आडवी आली. सरांनी इंजिन बंद केलं. मेंढरांमागचा म्हातारा काठी टेकत जवळ आला, गाडीभोवती एक चक्कर मारली.

"याला कातडं न्हाई का?"

"शिवायलेत अजून," सर म्हणाले.

म्हाताऱ्यानं भराभर मेंढरं हाकून रस्ता मोकळा करून दिला. "मग जावा लवकर. उघड्यानं कशाला थांबलाव?"

*

पुढच्या मडगार्डाचं वळण काही केल्या जमेना. सलीमभाई पत्रा ठोकायचे, उजेडात धरायचे आणि कोपऱ्यात टाकून द्यायचे. कोपरा भरत चालला.

त्याच सुमारास मला चारठाण्याला एक म्हैस बघायला जायचं होतं. सलीमभाईंना म्हटलं, चला, तेवढाच बदल. म्हैस बघून परत येतो तर हे जुन्या देवळाबाहेरच्या एका दगडी खांबापाशी बसलेले. डोळे मिटलेले, तळहात दगडाच्या गोलाईवरून वर-खाली फिरतोय. पुजारी म्हणाले, "आत या की. दर्शन घ्या."

सलीमभाईंनी डोळे उघडले नाहीत. "घ्यायलोय की, महाराज."

दुसऱ्या दिवशी मडगार्ड झालं. आजही गाडीपाशी गेलो की माझा हात आधी त्याच्यावरून फिरतो.

*

पुण्याहून एक गृहस्थ आले. माझी गाडी बघून तेही माझ्यासारखेच भाळले. लगेच ऑर्डर दिली आणि खिशातून मूळ विलायती कंपनीचा पितळी बिल्ला काढला. "हा पुढं बसवा. कुणाला शंका येणार नाही."

सलीमभाईंनी बिल्ला निरखून पाहिला आणि परत त्यांच्या हातात ठेवला. "पोरगं आमचं हाय, साब. दुसऱ्या बापाचं नाव न्हाई लावत."

गृहस्थांनी बिल्ला खिशात घातला. ऑर्डर तशीच ठेवली.

*

चुडाव्याच्या सुशीलाबाई पुतण्याला घेऊन आल्या. सत्तरीच्या पुढच्या, चांगली जमीन असलेल्या, नवरा गेल्यापासून ट्रॅक्टर स्वतः चालवणाऱ्या. नातवासाठी आल्या असतील असं आम्हाला वाटलं. सरांनी विचारलं, "चालवणार कोण?"

"मी. लाल पायजे."

पुतण्या चुळबुळला. "काकू, लोक बघतील."

"बघू दे की."

गाडी झाली त्या दिवशी बाई नवं लुगडं नेसून आल्या, पदर खोचला, गिअर समजून घेतले आणि सरांना शेजारी बसवून निघाल्या. मी आणि सलीमभाई मागून जीपनं. सलीमभाईंना बाईंची काळजी, मला सरांची.

चुडाव्यात स्टेशनजवळ अख्खं गाव हार घेऊन उभं होतं. बाईंनी एक हात वर केला आणि न थांबता पुढं निघून गेल्या. गाडी दिसेनाशी झाली. काही वेळ नुसता आवाज येत राहिला, मग तोही नाही. लोक हार धरून तसेच उभे.

आम्हाला गाडी सापडली ती बाईंच्या शेताच्या बांधाशी. इंजिन बंद. सरांची टोपी कुठंतरी उडालेली, ते समोर बघत बसलेले. बाईंचे दोन्ही हात स्टेअरिंगवर, पदर सुटलेला, डोळ्यांतलं पाणी वाऱ्यानं कानांपर्यंत गेलेलं.

सलीमभाई हळूच जवळ गेले. "अम्मा, उतरा आता. गाव वाट बघायलंय."

बाईंनी मान वळवली नाही.

"थांब बाबा जरा," त्या म्हणाल्या. "मी अजून आले न्हाई."