डावीकडची चटणी

स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांनी मामंजींना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, वाचा शाबूत राहिली, घरच्यांच्या जिवात जीव आला. माझ्या मागे मात्र तेव्हापासून चटणी लागली.

"सूनबाई, लिंबू नाही, कोशिंबीर नाही, आणि चटणी तर तू कधीच वाढत नाहीस."

ताटात तिन्ही असायचं. डावीकडे, सगळे वाढतात तिथेच. मामंजी उजवीकडची भाजी-आमटी संपवायचे, भातसुद्धा उजवा अर्धा, आणि हात धुवायला उठायचे. मला वाटायचं, म्हातारा मुद्दाम छळतोय. खोटं कशाला बोलू, एकदा रागाने मी चटणीची अख्खी वाटी त्यांच्या ताटात उपडी केली. तीही डावीकडेच.

डोंबिवलीत तेव्हा वस्ती बेताची, कोणाच्या घरात काय शिजतं ते गावभर व्हायचं. समाचाराला येईल त्याला मामंजी सांगायचे, "सून पोटभर वाढत नाही." माझ्या लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. आल्या आल्या नाव खराब झालं, की ते जन्माचं चिकटतं.

शेवटी ठाण्याच्या डॉक्टरांनी उलगडा केला. "डोळे ठीक आहेत. पण डावीकडे काही असतं, हेच त्यांच्या मेंदूला कळत नाही." दाढीसुद्धा ते उजव्याच गालाची करत, आम्ही ते आळसावर घातलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी चटणी-कोशिंबीर उजवीकडे वाढली. सासूबाई कडाडल्या, "अगं, उलटं पान श्राद्धाला वाढतात! माणूस जिवंत आहे ना?"

मग मी सुलट वाढायचे आणि अर्ध्या जेवणात ताट फिरवायचे. "आता आठवण झाली होय!" मामंजी म्हणायचे. रोज, दोन्ही वेळा, पाच वर्षं. समजावून सांगायचा मलाच कंटाळा आला. लोक काय म्हणायचं ते म्हणोत, एवढी थकले होते.

एका दुपारी ताट फिरवायला मी त्यांच्या डाव्या हाताशी बसले होते. सासूबाई उजवीकडे. त्यांना मामंजी हळू आवाजात म्हणाले, "सून कुठे गेली? जेवली का ती? चारचौघांत मी तिला नाही नाही ते बोलतो, मग माझं मन मला खातं. पोर किती वाळली गं."

मला हुंदका आवरेना. "मी इथेच आहे, मामंजी," म्हटलं.

माझा आवाज ऐकून त्यांना बरं वाटलं, आणि मला शोधायला ते उजवीकडे वळले.