फळ्यावरची दुरुस्ती

आमच्या सोसायटीच्या फाटकाशी सूचनांचा फळा आहे. त्यावर चुकीचं ऱ्हस्व-दीर्घ दिसलं की माझं डोकं फिरतं. मास्तरकी संपली, पण खिशातला खडू काही सुटला नाही. 'उद्या पाणि येणार नाही' असलं काही दिसलं की मी थांबतो, बोटाने पुसतो, दुरुस्त करतो आणि मगच दूध आणायला जातो.

परवा सकाळी तळमजल्यावरच्या शिंदेकाकू गेल्याचं फळ्यावर लिहिलेलं होतं. तीन ओळींत पाच चुका, आणि ओळी खाली घसरलेल्या. निदान माणूस गेल्यावर तरी नीट लिहावं, असं पुटपुटत मी सगळा मजकूर पुसला आणि वळणदार अक्षरात पुन्हा लिहून काढला.

मागे वळलो तर शिंदेकाकाच उभे होते.

"म्हटलं, तिचं मीच लिहावं," ते हळूच म्हणाले. "फार चुकलं होतं का हो, सर?"

त्या घसरत्या ओळींत त्यांचा हात किती थरथरला होता, ते आता कुणालाच दिसणार नव्हतं. फळ्यावर सगळं शुद्ध होतं. माझ्या बोटांना मात्र अजून त्यांच्याच अक्षरांचा खडू लागलेला होता.