बाबांच्या कॅसेटी आणि पुण्यातला डबा

गाडी सुटायला आली तरी बाबा माझ्या बॅगेची चेन ओढून ओढून बघत होते. नव्व्याण्णव साल, कोकणातल्या कसालचा एसटी स्टँड. पुण्यात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या एका दुकानात मला काम मिळालं होतं. आई पदराने डोळे पुसत बाजूला उभी होती. बाबांनी खिडकीतून हात घालून बॅग माझ्या मांडीवर सरकवली आणि म्हणाले, "थंय कोणार विश्वास ठेवू नको. हसान बोलतत तेंच्यार तर अजिबात नको."

विश्वास न ठेवणं हा बाबांचा धंदाच होता. कसालच्या बाजारात त्यांची व्हिडिओ लायब्ररी होती. गिऱ्हाईक कॅसेट परत घेऊन आलं की ते तिचं झाकण उचलून फीत निरखायचे, नाकाजवळ धरायचे, मशीनमध्ये घालून सुरुवात आणि शेवट चालवून बघायचे. मगच पुढची कॅसेट हातात. सख्ख्या काकालाही यातून सूट नव्हती.

जाताना वाटलं होतं, काम शिकू आणि वर्षा-दोन वर्षांत परतू. आमच्या गावचे जे गोव्याला, मस्कतला गेले, त्यांनाही असंच वाटलं असेल. मी पुण्यात राहिलो. लग्न केलं, भाड्याचा फ्लॅट घेतला, मराठी शहरी झाली. तिकडे आधी केबल आली, मग सीडी आल्या, आणि बाबांचं दुकान बंद पडलं. सगळ्या कॅसेटी घराच्या मधल्या खोलीत भिंतभर रचल्या गेल्या. आमच्याकडची हवा दमट. एका गणपतीत मी सहज एक कॅसेट उघडली, तर फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरली होती.

त्याच वर्षी मी पुण्यात सर्व्हर बांधायला घेतला. दुकानात टाकाऊ ठरलेला एक कॉम्प्युटर, त्यात चार हार्ड डिस्क, टीव्हीपर्यंत ओढलेली केबल. जुना व्हीसीआर जोडून कॅसेट चालवायची, सिनेमा डिस्कवर उतरवायचा, आणि मग तो रिमोटवर कधीही बघायचा. बाबांना फोनवर सगळं समजावलं. त्यांनी दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "सगळे सिनेमे एका डब्यात? आणि डबो मेलो तर?"

कॅसेटी द्यायला ते तयार झाले, पण गिऱ्हाइकाला द्याव्या तशा. पिशवीभर न्यायच्या, उतरवायच्या, परत आणायच्या. आणल्या की मधल्या खोलीत बसून एकेक तपासणार, आणि मग पुढची पिशवी. कुरिअरवर त्यांचा भरवसा नव्हता. त्यामुळे मी वर्षातून चार-पाचदा गावी जायला लागलो.

कॅसेट उतरवायला सिनेमाएवढाच वेळ लागतो, घाई करता येत नाही. रविवारी मी समोर बसून असायचो. गाणं किंवा मारामारी आली की चित्र थरथरायचं, आडव्या रेघा यायच्या. लोकांनी तेवढाच भाग मागे घेऊन घेऊन पाहिलेला असायचा. माझी बायको मंजिरी पुण्याचीच. ती म्हणाली, "हेच सिनेमे स्वच्छ प्रिंटमध्ये मिळतात की. मग ही थरथर कशाला जपायची?" कसाल-ओरोसच्या कुठल्याशा घरात कोणीतरी ते गाणं पुन्हा पुन्हा लावलं होतं, एवढंच मला दिसत होतं.

दोन वर्षांनी माझ्या लक्षात आलं की पिशवी हलकी होत चालली आहे. आधी गच्च भरलेली असायची, आता तळाशी तीन-चार कॅसेटी. भिंत तर अजून अर्धी भरलेली. मला संशय आला. बाबा उरलेल्या कॅसेटी कोणाला विकतायत का? की माझ्या यंत्रात काही गडबड आहे असं त्यांना कोणी भरवून दिलंय? विचारलं तर म्हणाले, "बुरशी पुसूक येळ लागता."

मग एकदा आईला घेऊन तेच पुण्याला आले. चहासुद्धा न पिता सर्व्हरसमोर जाऊन उभे राहिले. पंखा घरघरत होता, निळा दिवा लुकलुकत होता. त्यांनी डब्याला कान लावला.

"जा दिसणा नाय, ता आत आसा म्हणान कसा समजाचा?"

मी सिनेमा लावून दाखवला. शिवाय सांगितलं, की यातली एक डिस्क बंद पडली तरी बाकीच्या तिन्हींवरून सगळं पुन्हा उभं राहतं.

"तू बघितलंस करून?"

"नाही. पण तशी रचनाच आहे."

"मगे काढ एक."

दोन वर्षांचं काम त्यात होतं. मंजिरी मानेनेच नको म्हणत होती. मी झाकण उघडलं, तर बाबांनी माझा हात बाजूला केला आणि स्वतः एका डिस्कची वायर ओढली. डबा पिपाणीसारखा किंचाळला. टीव्हीवरचं चित्र क्षणभर थबकलं आणि पुढे चालू लागलं. बाबा ते बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, खूश होतील. ते गॅलरीत जाऊन बसले.

आई स्वयंपाकघरात माझ्यामागून आली. हळू आवाजात म्हणाली, "डबो चालणा नाय असां तेंका वाटत होता. ता बरा होता. आता सगळ्यो कॅसेटी हंय इल्यो काय तू थंय कित्याक येतलंस?"

पिशवी हलकी का होत होती ते मला तेव्हा कळलं. उरलेल्या कॅसेटींबद्दल बाबांना पुन्हा कधी विचारलं नाही.

आता दोन हजार दहा आहे. पुण्यात स्वतःचं घर झालं, डिस्क बदलून मोठ्या घेतल्या. बाबा अजून दरवेळी दोन-तीन कॅसेटी कापडात गुंडाळून देतात. त्यातल्या बऱ्याचशा आता चालतच नाहीत. बुरशीने फीत आतून चिकटलेली असते, व्हीसीआरमध्ये घातली की तुटते. यंदा शिमग्याला मी तशाच दोन परत नेल्या. बाबा ओटीवर बसले होते.

"चालल्यो?" त्यांनी विचारलं.

"चालल्या. चांगल्या उतरल्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कॅसेटी घेतल्या, झाकण उचललं नाही, वास घेतला नाही. तशाच नेऊन भिंतीत लावल्या आणि आईला म्हणाले, "तुझो झिल इलो, माशे तळूक घे."

घर कुठे, असं मला कोणी विचारलं तर मी पुण्याचा पत्ता देतो. पण जिथे माझं खोटं कळूनही ते तपासलं जात नाही, अशी जागा मला अजून दुसरी सापडलेली नाही.