वेगळी चूल

नव्वदच्या आसपासची गोष्ट. धुळ्यात आमच्या महिला संस्थेची पत्र्याच्या खोल्यांची एक चाळ होती. नवऱ्यांनी टाकलेल्या बायका, त्यांची पोरं, आणि मुलं असून नसल्यासारखी झालेली म्हातारी माणसं तिथे राहायची. हिशेब आणि पत्रव्यवहार माझ्याकडे होता, त्यामुळे बोलणीही मीच खायची.

खोल्या केव्हाच भरल्या होत्या. नंतर आलेल्या म्हाताऱ्यांना आम्ही व्हरांड्यात गोणपाटाचे पडदे लावून जागा दिली होती. खोल्यांची दुसरी रांग बांधायची तर निम्मे पैसे कापसाच्या जिनिंगचा कारखाना असलेले एक शेठ द्यायला तयार होते, पण सरकारी खात्याने उरलेले निम्मे दिले तरच. आणि त्याच खात्याने आम्हाला बजावलं होतं की थंडीच्या आत व्हरांडा रिकामा करा, नाहीतर चालू अनुदानही बंद. म्हणजे नव्या खोल्या मिळाल्या तर ठीक, नाहीतर या माणसांना मी माझ्या हाताने बाहेर काढायचं. पैसे द्यायचे की नाही हे ठरवायला खात्याचे साहेब तपासणीला येणार होते, आणि ती तारीख कळल्यापासून माझा डोळ्याला डोळा लागत नव्हता.

व्हरांड्याच्या टोकाला अक्का आणि आबा हे म्हातारं जोडपं राहायचं. आबांना दिसत नव्हतं. मुलगा वरणगावला नोकरीला, क्वार्टरमध्ये. सुनेशी बिनसलं आणि एका सकाळी मुलाने दोघांना धुळ्याच्या एसटीत बसवून दिलं, हे अक्काने मला एकदाच, भांडी घासता घासता सांगितलं होतं. आबांना तिने वेगळंच सांगितलं होतं. "क्वाटर ल्हान शे. मोठं भेटनं का पोऱ्या आपले लई जाई." मोठं क्वार्टर मिळालं की मुलगा न्यायला येणार, हे आबा रोज कुणाला ना कुणाला ऐकवायचे. ऐकताना माझ्या तळपायाची आग मस्तकाला जायची, त्या मुलावर.

तपासणीच्या सकाळी आमच्या नानांनी, म्हणजे संस्थेच्या चिटणीसांनी, व्हरांडा आणि अंगण सारवून घेतलं. मागच्या बाजूला म्हातारी माणसं तीन-तीन विटा मांडून स्वयंपाक करायची. त्या विटाही नानांनी उचलून भिंतीशी रचून ठेवल्या. "साहेबाला सगळं कसं नीटनेटकं दिसलं पाहिजे," म्हणाले. मला ते बरंच वाटलं.

साहेब पुण्याकडचे होते. माणूस वाईट नव्हता. पाणी प्यायले, चहा नको म्हणाले आणि खुर्ची थेट व्हरांड्यासमोर घेतली. नियम सोपा होता: ज्यांची चूल स्वतंत्र त्यांचं कुटुंब स्वतंत्र, आणि अशा कुटुंबालाच खोली. त्यांनी पहिल्या म्हातारीला विचारलं, "आजी, तुमची चूल वेगळी आहे का?"

"नही रे भाऊ," ती चटकन म्हणाली. "आम्हना बठ्ठास्ना चुल्हा एकच शे."

दुसरीनेही तेच सांगितलं, सगळ्यांची चूल एकच. तिसऱ्या आजोबांनी तर हात जोडले. साहेबांचं पेन चालू होतं, सगळ्यांचं मिळून एकच कुटुंब धरत. या माणसांना झालंय काय, रोज तर आपापल्या विटांवर भाकरी भाजतात. मग डोक्यात उजेड पडला. माझी आईसुद्धा काकांचं नाव निघालं की आवाज खाली आणून म्हणायची, "त्यास्नी चुल्हा येगळा कया." आमच्याकडे चूल वेगळी म्हणजे घर फुटलं, भाऊ भावाला तोंड दाखवत नाही, लेकाने आईला बाहेर काढलं. साहेब विचारत होते भाकरी कुठे भाजता. यांना ऐकू येत होतं, तुमच्या मुलांनी तुम्हाला टाकलं का? परक्या माणसासमोर याला हो म्हणणार कोण?

मी पुढे झाले. "साहेब, शब्द बदला. स्वयंपाक कुठे करता असं विचारा."

"नियमात शब्द चूल आहे, बाई. मला तोच विचारावा लागतो."

"मग मागे चला, राख दाखवते."

मागे गेलो तर राखही नव्हती. नानांनी तीही सारवून टाकली होती. त्या क्षणी मला नानांचा असा राग आला की मी तोंड फिरवलं.

परत येऊन साहेब अक्कासमोर बसले. आबा शेजारीच खाटेवर, कान इकडे लावून. साहेबांनी विचारलं. अक्काने एकदा आबांकडे पाहिलं आणि म्हणाली, "आम्हना पोऱ्याना चुल्हा आनि आम्हना चुल्हा एकच शे."

"मग तुम्ही मुलाकडेच राहायला हवं, आजी," साहेब शांतपणे म्हणाले. "खोली गरजू लोकांसाठी आहे."

अक्काने पुन्हा आबांकडे पाहिलं. चूल वेगळी म्हणावं तर आबा ऐकणार. एकच म्हणावं तर थंडीत आबांना घेऊन रस्त्यावर. मला ओरडून सगळं सांगून टाकावंसं वाटलं, पण ते सांगायचा हक्क माझा नव्हता.

अक्का उठली. भिंतीजवळ गेली, तीन विटा पदराने झाडून आणल्या आणि साहेबांच्या बुटांसमोर, सारवलेल्या अंगणात मांडल्या. पऱ्हाटीच्या, कापसाच्या वाळल्या झाडाच्या, काड्या मोडून आत घातल्या. आगपेटीची पहिली काडी विझली, दुसऱ्या काडीला जाळ धरला. मग तिने तव्याऐवजी नुसता तळहात त्या जाळावर धरला आणि अगदी हळू म्हणाली, "लिखी ले, भाऊ. माले बोलाले नको लावू."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, आणि लिहिलं. मग पहिली म्हातारी उठली. तिच्यामागे दुसरी. मग ते हात जोडणारे आजोबा. सगळ्यांनी आपापल्या विटा आणून मांडल्या, काड्या पेटवल्या, आणि थोड्या वेळात अख्खं अंगण धुराने भरून गेलं. साहेब डोळे पुसत लिहीत होते. धुरामुळे असेल.

खाटेवरून आबांनी विचारलं, "इतला धूर कसाना? कोन्हं लगीन शे का?"

"हा," अक्का म्हणाली. "लगीनच शे."

पैसे मंजूर झाले. शेठही शब्दाला जागले. बांधकाम वेळेत झालं नाही, पण मंजुरीच्या कागदावर व्हरांड्याला मुदत वाढवून मिळाली आणि ती थंडी आम्ही गोणपाटावर गोणपाट लावून काढली. उन्हाळ्यात दुसरी रांग उभी राहिली. अक्काला टोकाची खोली दिली. मी आबांचा हात धरून त्यांना आत नेलं. त्यांनी भिंत चाचपली, कोनाडा चाचपला, खिडकीचा गज धरून पाहिला. क्वार्टरबद्दल, मुलाबद्दल एक शब्द नाही. अक्का विटा घेऊन कोपऱ्यात मांडायला वाकली तेव्हा ते तिकडे तोंड करून म्हणाले,

"आपला चुल्हा दारसमोर मांड वं. पोऱ्या भेटाले ऊना ते त्याले धूर दिसाले जोयजे."