करड्या डबीतली चिठ्ठी

आमच्या चष्मेवाल्या दादांना कुणी विचारलं, तुम्ही काय करता, तर ते "काचा घासतो" एवढंच सांगतात. ही निव्वळ थाप आहे. दर रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून ते एक अख्खा डोंगराळ मुलूख चालवतात. आतल्या खोलीत, डोळे तपासायच्या तक्त्याखाली टेबल. त्यावर हाताने काढलेला नकाशा आणि फासे. भोवती खेळायला आम्ही तिघं: दादांची बायको म्हणजे वहिनी, बसवरचा कंडक्टर आणि शेजारची औषधवाली, म्हणजे मी. प्रसंग दादा सांगतात. आपल्या पात्राने त्यात काय करायचं ते आम्ही ठरवतो, आणि जमलं की फसलं ते फासे. पण आमच्या करणीचं पुढे काय झालं, ते फक्त दादा सांगतात.

या शेवटच्या गोष्टीचं मला भारी कुतूहल. कारण दादा लगेच काहीच करत नाहीत. कुणी काही मोठं करून बसलं की ते त्याच्या पात्राला उद्देशून एक चिठ्ठी लिहितात, चष्म्याच्या रिकाम्या डबीत घालतात, डबी फट्‌कन मिटतात आणि फळीवर ठेवून देतात. मग कधी आठवड्याने, कधी सहा महिन्यांनी त्यांचा हात वर जातो, डबी उघडते आणि आमच्यापैकी कुणाचं तरी तोंड उतरतं. कंडक्टरने एका पहारेकऱ्याला थाप मारली होती. चार महिन्यांनी डबी उघडली, तर तोच पहारेकरी शहराचा कोतवाल होऊन बसलेला.

"मी शिक्षा देत नाही," दादा म्हणतात. "त्या माणसाचं पुढे काय झालं असेल, एवढंच बघतो."

माझी डबी करडी. खेळात जखमी वाटाड्याला बर्फात सोडून मी औषध घेऊन गावाकडे पळाले होते. गाव वाचलं. बरोबर केलंत, असं कंडक्टर अजून म्हणतो. तरी त्या डबीकडे नजर गेली की मला अपराधी वाटायचं, आणि जो माणूस मुळात नाहीच त्याच्यासाठी असं वाटावं, याचा मला रागही यायचा. दोनदा मी ती चोरून उघडायला गेले. दोन्ही वेळा वहिनी मागे उभ्या.

एका बुधवारी चष्म्याचा स्क्रू आवळून घ्यायला मी दुकानात गेले होते. तेवढ्यात गणिताच्या बाई आल्या. त्यांना निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण त्या शिरल्या की आम्ही अजून आपोआप सरळ उभे राहतो. त्यांच्या हातात माझी करडी डबी होती. आदल्या दिवशी त्यांचा नवा चष्मा देताना दादांनी घाईत हाताला लागेल ती डबी उचलून दिली होती.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?" आतली चिठ्ठी दादांसमोर धरत त्यांनी विचारलं.

चिठ्ठी मी वाचली. 'ज्याला मागे सोडून आलीस तो जिवंत आहे. त्याच्या मनात राग नाही. तो वाट बघतोय.'

वाटाड्या जिवंत! मला तिथेच नाचावंसं वाटलं. तेवढ्यात बाई स्टुलावर बसल्या.

"आई अंथरुणाला खिळलेली होती. सगळं धाकट्या भावाच्या गळ्यात टाकून मी इकडे नोकरीला आले. तेवीस वर्षं आम्ही बोललेलो नाही. त्यानेच पाठवलीय ना ही? मी उद्याच निघते."

मी दादांना बाजूला ओढलं. "एक शब्द बोलू नका. बहीण-भाऊ भेटतील. तुमचं काय जातंय?"

"ताई, खोट्या खबरीवर गेल्या तर ते जाणं त्यांचं कसं? त्याने दारातून तोंड फिरवलं, तर बाईंच्या हातात माझी चिठ्ठी तेवढी राहील."

आणि या गृहस्थांनी सगळं सांगून टाकलं. नकाशासुद्धा आणून दाखवला. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! बाईंचा चेहरा पार पडला होता. त्यांनी नकाशातल्या बर्फावर बोट ठेवलं.

मग त्यांनी विचारलं, "वाटाड्याला राग नाही, हे कशावरून ठरवलंत?"

दादा गडबडले. "या ताईंना फार लागलं होतं. म्हणून..."

"म्हणजे उत्तर आधी लिहिलंत, रीत केलीच नाही," बाई म्हणाल्या. चिठ्ठी डबीत घातली, डबी पिशवीत टाकली आणि निघून गेल्या. कुठे गेल्या ते कुणालाच कळेना. त्या रविवारी दादांचं खेळात लक्ष नव्हतं, आणि मी त्यांच्याशी धड बोललेही नाही.

बारा दिवसांनी बाईंनी डबी दुकानात आणून ठेवली. "तुमची वस्तू," एवढंच म्हणाल्या.

रविवारी दादांनी ती टेबलावर माझ्यासमोर उघडली. चिठ्ठीतलं मधलं वाक्य लाल शाईने खोडलं होतं. खाली बाईंच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: 'राग होता. पुष्कळ होता. दार उघडलं.'

दादांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

"वाटाड्याने दार उघडलंय," ते म्हणाले. "त्याची दोन बोटं बर्फाने गेली आहेत. तो फार रागावलाय. बोला, काय करता?"

क्षमा मिळणार, हे मी चिठ्ठीत वाचून बसले होते. रागावलेल्या माणसाला काय म्हणायचं, याचा विचारच केला नव्हता. मी फाशांकडे हात नेला. दादांनी ते हळूच बाजूला सरकवले.

"इथे फासे नाहीत, ताई."

मी हात मागे घेतला.

"आत येऊ का," मी म्हटलं, "असं मी त्याला विचारते."