पानाची डावी बाजू

डॉमिनिकच्या सँडविचच्या दुकानाबद्दल इंग्लंडमधल्या रीडिंग शहराच्या त्या भागात दोन मतं नव्हती, निदान पाच-सहा तरी होती. पाव ओला असतो, असं एकाचं म्हणणं. पाव ओलाच असायला हवा, मांस भाजताना सुटलेल्या रसात तो बुडवून देणं हीच त्या सँडविचची रीत, असं दुसऱ्याचं. नाव इटालियन बीफ, पण इटलीत हे कुणी खात नाही, ही शिकागोची करामत, असं इंटरनेटवर एकानं लिहिलं होतं. त्याखाली रीडिंगमधल्याच एका अस्सल इटालियन माणसानं फक्त ‘आभारी आहे’ असं लिहिलं होतं. मराठी मंडळातल्या लोकांचं मत निराळं, आणि ते बोललं जात नसे. दुकान जवळ आलं की ते रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर जात. त्यांची कॉलेजातली मुलं शनिवारी त्याच दुकानात उभ्या उभ्या जेवत.

मीनाक्षी जोगळेकरही त्या पलीकडच्या फुटपाथवरून बरेच दिवस गेली. तिला दुकानाचा राग नव्हता. पण सगळे जिथून जातात तिथून जावं, एवढी तिची जगण्याची पद्धत होती. सांगलीहून लग्न करून आली तेव्हा नवरा, डॉक्टर शशी, इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होता. तिची मायक्रोबायॉलॉजीची पदवी होती. त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ती लागली आणि रिटायर होईपर्यंत तिथंच राहिली. काचेच्या थाळ्यांत जंतू वाढवायचे, मोजायचे, त्यांचं नाव सांगायचं. घरी आली की मागच्या काचेच्या खोलीत, कन्झर्व्हेटरीत, पंच्यावर पसरलेल्या लिंबाच्या फोडी उलटायच्या. लॅबमध्ये जे मुद्दाम वाढवायचं तेच घरच्या बरणीत वाढू द्यायचं नाही, असं तिचं आयुष्य होतं. शशी गेल्यावर घरातलं खाणारं माणूस गेलं. मुलगी तनया ब्रिस्टलला, विमानांच्या इंजिनांच्या कंपनीत. बरण्या मात्र पूर्वीइतक्याच भरत राहिल्या.

त्यातली एक बरणी दरवर्षी गणपतीला मंडळात जाई. नुसती बरणी नव्हे, देवाच्या नैवेद्याचं अख्खं पान मीनाक्षी करी. इथं आल्यापासून हे काम तिच्याकडे होतं. बाकी स्वयंपाक दहा घरांतून येई, पण पान तिच्या हातचं. शशी गेला त्या वर्षीही सुतक संपल्यावर गणपती आले होते आणि तिनं पान केलं होतं. त्या दिवशी आपण अजून कुठंतरी लागतो, असं तिला वाटलं होतं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

मार्चमधल्या एका शुक्रवारी दुकानाबाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं होतं, ‘आज बीफ नाही’. रस्त्यापलीकडूनही ते वाचता येत होतं. बीफच्या दुकानात बीफ नाही, याचं तिला इतकं नवल वाटलं की ती रस्ता ओलांडून आत गेली.

काउंटरमागे रुंद बांध्याचा, टक्कल पडलेला माणूस अंडी फोडत होता. एक गिऱ्हाईक त्याच्याशी वाद घालत होतं. इतक्या लांबून आलो आणि नाही म्हणजे काय, असं त्याचं म्हणणं. माणूस शांतपणे म्हणाला, “उद्या ये.” मग मीनाक्षीकडे वळला.

“आज का नाही?” तिनं विचारलं.

“ईस्टरच्या आधीचे शुक्रवार. आमच्यात मांस चालत नाही. शिकागोला आजी करायची तसं करतो, अंडं आणि भोपळी मिरची. बायको म्हणते, धंदा बुडेल. ती रीडिंगची आहे, तिला आजीची भीती नाही.”

“आजी आहे अजून?”

“वारली. म्हणून तर जास्त भीती.”

मीनाक्षी बसली. अंडं ती लॅबच्या दिवसांपासून खात होती. सँडविच चांगलं होतं, पण सोबतची भाजी, फ्लॉवर, गाजर, सेलरी आणि मिरचीचं तेलातलं लोणचं, दाताखाली चिखलासारखं लागलं. तिनं ते बाजूला सारलेलं डॉमिनिकनं पाहिलं.

“बोला. सगळे बोलतात.”

“भाज्या ओल्या घातल्यात. मीठ लावून ठेवा, पाणी सुटू द्या, मग कपड्यावर पसरा. कोरड्या झाल्याशिवाय तेल लावू नका.”

त्यानं केलं, जमलं नाही. एप्रिलमध्ये ती स्वतःच्या घरची एक बरणी घेऊन गेली. फ्लॉवर, गाजर, हिरवी मिरची, फेसलेली मोहरी, लिंबू. गाजराचे तिरके काप, तिच्या आईच्या पद्धतीचे. डॉमिनिकनं एक काप खाल्ला आणि मोहरी नाकात गेल्यावर काउंटर धरून उभा राहिला.

“हे आमचं नाही,” श्वास परत आल्यावर तो म्हणाला. “पण बीफवर चालेल. तुम्ही खाऊन बघता?”

“बीफ मी खात नाही.”

“लोणचं तरी?”

“आम्ही चाखत नाही. देवाला दाखवायच्या आधी चाखायचं नसतं. मीठ अंदाजानं.”

“पण हे देवासाठी कुठंय?”

“हाताला तेच वळण आहे.”

दुकानात विकायचं ठरल्यावर कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, बाई येऊन तिचं किचन तपासून गेली. सिंकचे नळ उघडून पाहिले, फ्रिजचं तापमान पाहिलं, आणि जाताना विचारलं की हे विकत कुठं मिळेल. तेव्हापासून दर आठवड्याला मीनाक्षी मागच्या दारानं क्रेट आत नेऊन देऊ लागली. डॉमिनिकनं बरणीवर तिचं नाव घालायचं म्हटलं तर ती म्हणाली, “नाव कशाला.” त्यानं ‘दुकानचं लोणचं’ एवढंच छापून घेतलं.

दुकानाबद्दलच्या मतांत आता आणखी भर पडली. शिकागोत राहून आलेल्या एकानं लिहिलं, की मोहरी घालणं हा गुन्हा आहे. एका बाईनं लिहिलं, की मी सँडविच घेते, बीफ कुत्र्याला घालते आणि पाव-लोणचं खाते. मीनाक्षी ते फोनवर वाचायची. आयुष्यभर तिनं जंतूंबद्दल रिपोर्ट लिहिले होते, तिच्याबद्दल कुणी लिहिण्याची ही पहिली वेळ.

ऑगस्टमध्ये प्रमोदिनीताईंचा फोन आला. त्या मंडळाच्या अध्यक्ष, रिटायर्ड जीपी, मीनाक्षीपेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या. गणपतीच्या हॉलचं बुकिंग, पार्किंग, असं सगळं बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, “मीनाक्षी, या वर्षी पान ऋजुता करेल. तू वाढायला ये.”

“का हो?”

“तुला मी त्या दुकानाच्या मागच्या दारातून बाहेर पडताना पाहिलं. दोनदा. हातात रिकामं क्रेट.”

“लोणचं देते मी त्यांना.”

“तेच ना. तू काय खातेस हा तुझा प्रश्न आहे—”

“मी खात नाही.”

“खात नसशील. पण तुझ्या हातचं कशावर जातं? आणि तोच हात पानाला. मला ते पटत नाही. मी कुणाला बोललेले नाही, बोलणारही नाही. ऋजुताला म्हटलं, तू दमतेस.”

“मी दमत नाही, प्रमोदिनीताई.”

“माहितीये गं,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

तनयाला सांगितलं तर ती चिडली. “आई, तू काही चुकीचं केलं नाही. It’s vegetables. त्यांना सांग ना, का मग त्यांचा नातू तिकडे every weekend जातो?”

“तो त्याचा प्रश्न.”

“मग तू shop सोडणार?”

“नाही.”

“मग मंडळ सोडणार?”

दुकान सोडलं असतं तर पान परत मिळालं असतं, हे दोघींनाही कळत होतं. त्या आठवड्यात तिनं नेहमीइतकाच फ्लॉवर आणला.

गणपतीच्या दिवशी ती हॉलवर वाढायला गेली. किचनमध्ये ऋजुता घामाघूम झाली होती. नागपूरची मुलगी, नवरा परीक्षितबरोबर इथं येऊन तीन वर्षं झालेली, दोघंही स्टेशनजवळच्या आयटी ऑफिसात. केळीचं पान मांडलेलं होतं. वर मीठ, उजवीकडे भाज्या, मधे भाताची मूद, मोदक. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं.

“काकू, बघा ना, काही राहिलं का? तुमच्यासारखं नाही झालं.”

मीनाक्षीनं वरून खाली पाहिलं. मीठ, लिंबू, चटणी. मग लोणचं. गाजराचे काप तिरके होते. फ्लॉवरचा तुरा देठापासून उभा चिरलेला. वर फेसलेल्या मोहरीचा पिवळा थर.

“हे कुणी केलं?”

“लोणचं ना? मला नाही येत हो. परीक्षित घेऊन आला कुठूनतरी, प्युअर व्हेज आहे म्हणाला. मी सगळ्या बरण्या डब्यांत काढल्या, टेबलांवर नेऊनही ठेवले.”

बाहेर आरतीसाठी लोक उभे राहत होते. मीनाक्षी पानासमोर उभी राहिली. काही न बोलता बाहेर गेली असती तर तिच्या हातचं दरवर्षीप्रमाणे देवापुढे गेलं असतं, आणि ते फक्त तिला ठाऊक असतं. काही क्षण तिला ते फार हवंसं वाटलं. पण लेबल नसलेला नमुना तिनं कधी पुढे पाठवला नव्हता. लॅबमध्ये तसा नमुना आला, की तो कितीही तातडीचा असो, परत जाई. तिनं दारातून प्रमोदिनीताईंना हाक मारली.

“हे लोणचं माझं आहे,” ती म्हणाली. “त्या दुकानातून आलंय.”

प्रमोदिनीताईंनी पानाकडे पाहिलं, मग ऋजुताकडे. ऋजुतानं परीक्षितला बोलावलं. तो कुर्त्याच्या बाह्या सावरत आला.

“लोणचं कुठून आणलंस?” प्रमोदिनीताईंनी विचारलं.

त्यानं दुकानाचं नाव सांगितलं. हळू सांगितलं.

“तिथं कशाला गेला होतास?”

“लोणचं आणायला.”

“आणि तिथं असं लोणचं मिळतं हे तुला कसं कळलं?”

परीक्षितनं बायकोकडे पाहिलं. बायको कोशिंबिरीकडे पाहत होती. “ऑफिसमधले लोक बोलतात,” तो म्हणाला.

“बोलत असतील,” असं म्हणून प्रमोदिनीताई मीनाक्षीकडे वळल्या. “तुझ्या घरी केलंस?”

“हो.”

“चाखलं होतंस?”

“नाही.”

“पण त्या दुकानात जाऊन आलं.”

“हो. काउंटरच्या मागं, शेल्फवर होतं.”

बाहेर टाळ वाजायला लागले. प्रमोदिनीताईंनी चमचा घेतला, पानावरचं लोणचं उचललं, जागा पाण्यानं पुसली आणि तिथं लिंबाची दुसरी फोड ठेवली. रागानं नाही. पूर्वी पेशंटचं ड्रेसिंग बदलत असतील, तसं नीट. मग त्या पान घेऊन बाहेर गेल्या.

डबे टेबलांवर होते ते होतेच. आरतीनंतर पंगती बसल्या, वाढणाऱ्या मुलांनी डावीकडे लोणचं वाढलं, आणि देव सोडून सगळ्यांनी ते खाल्लं. काहींनी परत मागितलं. “मीनाक्षी, यंदा मोहरी कडक आहे हं,” असं पलीकडच्या पंगतीतून कुणीतरी सवयीनं म्हणालं, आणि तिनं मान हलवली.

ती वरण घेऊन प्रमोदिनीताईंच्या पंगतीवर आली तेव्हा त्यांच्याही पानात डावीकडे लोणचं होतं. वाढणाऱ्या मुलाला काय माहीत. त्यांनी त्याला हात लावला नव्हता. मीनाक्षी वरण वाढून पुढे गेली, तूप घेऊन आली, ताक घेऊन आली. बाकी पान हळूहळू रिकामं होत गेलं. लोणचं तेवढं राहिलं. पानात टाकून उठायचं नाही, ही प्रमोदिनीताईंची शिस्त सगळ्या मंडळाला माहीत होती; मंडळातल्या दोन पिढ्यांची पोरं त्यांनी या एका गोष्टीसाठी पंगतीत रडवली होती. शेवटी त्यांनी ताकभात कालवला, त्यात लोणच्याची फोड घेतली आणि खाली पाहत खाल्लं. मग दुसरी. पान पुसल्यासारखं स्वच्छ झाल्यावर त्या उठल्या.

नंतर दोघी सिंकशी उभ्या होत्या. मीनाक्षी घासत होती, प्रमोदिनीताई पुसत होत्या.

“मीठ बरोबर पडलंय,” प्रमोदिनीताई म्हणाल्या.

“हो?”

“पुढच्या वर्षी देवाचं वेगळं घाल. पातेलं वेगळं, बरणी वेगळी. सरळ घरून इथं आण. मग पान तूच कर. ऋजुताचं काम नव्हे ते.”

मीनाक्षीनं एक पातेलं विसळलं. हे तिला हवं होतं, आणि समोर ठेवलेलं होतं. तरीही घरातली ती दोन पातेली तिच्या डोळ्यांसमोर आली, एक देवाचं आणि एक डॉमिनिकचं, आणि आपण दोन्हींत तेच हात घालतोय.

“माझं पातेलं एकच असतं, प्रमोदिनीताई,” ती म्हणाली. “सगळ्यांचं त्यातच होतं. तुम्हाला चालणार असेल तर सांगा.”

प्रमोदिनीताईंनी पातेलं पुसलं, आतून, मग बाहेरून. “बघू,” त्या म्हणाल्या. “ती परात दे.”

सोमवारी मीनाक्षी क्रेट घेऊन दुकानात गेली. पुढच्या दारानं. डॉमिनिक रसाच्या भांड्याशी होता.

“झाला सण? तुमच्यातल्या एकानं सगळ्या बरण्या नेल्या. गुरुवारचं नेहमीचं गिऱ्हाईक. कशा झाल्या?”

“देवाला मिळालं नाही. बाकीच्यांना आवडलं.”

त्यानं यावर विचार केला. “आजी असती तर तिनंही दिलं नसतं,” तो म्हणाला. “मोहरी म्हणजे फारच.”

मीनाक्षीनं क्रेट काउंटरवर ठेवलं आणि एक बरणी उचलून त्याच्यापुढे धरली.

“यावर माझं नाव घाल. पूर्ण.”

त्यानं पेन घेतलं, तिनं सांगितलेलं एकेक अक्षर लेबलाच्या कोपऱ्यात लिहून पाहिलं, आणि आडनावाच्या मध्यावर थांबला.

“मावत नाही, मिसेस जे.”

“अक्षर बारीक काढ,” ती म्हणाली.