उपाशी पट्ट्यातला युरिया

डोब्रुजा प्रांतातल्या आमच्या गावात मी एकोणीस वर्षं टपाल वाटलं. शेवटी शेवटी घरं तेवढी होती, दार उघडणारी माणसं संपत आली होती. जी उरली त्यांत वेलिच्कोकाका एक.

काका सरकारी संशोधन संस्थेच्या गव्हाच्या प्रयोगशेतावर कामाला होते. चार लांब पट्टे. एकाला खत म्हणून फक्त नत्र, दुसऱ्याला नत्र आणि स्फुरद, तिसऱ्याला त्यावर पालाशही. चौथ्याला काही म्हणजे काहीच नाही. त्याला ते उपाशी पट्टा म्हणायचे; बाकीचे तीन त्याच्याशीच ताडून बघायचे. सरकार बदललं, संस्थेचं गावातलं केंद्र बंद पडलं, साहेब शहरात गेले. काका मात्र पेरत राहिले. आजूबाजूची जमीन एका कंपनीने कसायला घेतली तेव्हा ते ट्रॅक्टरपुढे उभे राहिले आणि चार पट्टे वाचले. दर वर्षी कापणीनंतर ते आकडे लिहून संस्थेला पाठवत. पत्र मीच न्यायचो. शेवटचं उत्तर आणून दिल्याला सहा वर्षं झाली होती.

बायको गिन्का गेल्यावर काका माणसांत फारसे बोलेनासे झाले. शेजारची त्सोनका, तीही एकटी, रोज घेवड्याच्या सूपचं भांडं कुंपणावर ठेवायची. काका ते रिकामं करून धुऊन परत ठेवायचे. एवढाच व्यवहार.

त्या वर्षी मार्चमध्ये काकांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. तीन आठवडे शहरात होते. परतले आणि तडक शेतावर गेले. मी सायकलवरून जाताना पाहिलं, तर उपाशी पट्ट्याच्या कडेला उकिडवे बसले होते. अर्धा पट्टा नेहमीसारखा खुजा, पिवळट. अर्धा गर्द हिरवा.

तेवढ्यात त्सोनका आली. चेहरा उजळलेला.

"बघितलंत? माझ्याकडे युरियाचं पोतं पडलं होतं. बादलीने फेकला. पुरला असता तर सगळीकडे टाकला असता."

"कुणी सांगितलं होतं?"

"सांगायला कशाला लागतं? रोज त्या मरतुकड्या गव्हापाशी उभे असता, बघवत नव्हतं. म्हटलं, माणूस थकलाय, खत टाकायचं राहून जातंय."

"एकेचाळीस वर्षं," काका म्हणाले, "एकेचाळीस वर्षं मी ह्याच्या तोंडात घास जाऊ दिला नव्हता."

तिला कळलं नाही. मलाही सगळं कळलं नाही. काका उठून घरी गेले. दुसऱ्या दिवसापासून सूपचं भांडं कुंपणावर तसंच पडून राहायचं. आठ दिवसांनी तिने ठेवायचं बंद केलं. त्यानंतर दोन्ही घरांच्या मधून जाताना मला सायकलची घंटीही वाजवावीशी वाटेना.

जूनमध्ये ओंब्या बाहेर पडल्या आणि मावा आला. काका गुडघे टेकून एकेका ओंबीवरचे किडे मोजायचे, पण नजर दगा देत होती. तीनदा मोजलं तर तीन आकडे. त्सोनका बांधावर उभी होती.

"सरका. शिवणकाम करून डोळे शाबूत आहेत माझे. मी मोजते, तुम्ही लिहा."

काकांनी वही उघडली. मग सरकले.

तीन दिवस मोजणी चालली. हिरव्या अर्ध्यात एका ओंबीवर सरासरी एकतीस किडे, पिवळ्या अर्ध्यात तीन.

"म्हणजे मी किड्यांना जेवायला घातलं म्हणा की!" ती म्हणाली.

"नत्र जास्त झालं की पान कोवळं, रसाळ होतं. मावा तिथेच जातो."

महिनाअखेर वादळी पाऊस झाला आणि हिरवा गहू लोळला. पिवळा उभा राहिला.

पत्र लिहायची वेळ आली तेव्हा मी तिथेच होतो. त्सोनका म्हणाली, "जुनाच आकडा टाका की. कोण वाचतंय?"

"नोकरीत खोटं लिहिलं नाही, आता पेन्शनीत लिहू?"

त्यांनी लिहिलं : चौथा पट्टा बिघडला, अर्ध्या भागात मार्चमध्ये युरिया पडला. कुणी टाकला ते लिहिलं नाही.

सप्टेंबरमध्ये त्सोनकाची मुलगी तिला दूर बुर्गास शहरात घेऊन गेली. निघताना तिने काकांचा हात बराच वेळ धरून ठेवला. 

ऑक्टोबरात संस्थेचं पाकीट आलं. मी धावतच नेलं. कुणा नव्या बाईंनी विचारलं होतं : युरिया नेमका किती पडला, कोणत्या तारखेला, आणि दोन्ही भाग पुढेही वेगळे मोजता येतील का?

काकांनी लगेच बुर्गासला फोन लावला. पलीकडे नातवंडांचा गलका होता. "त्सोनका, पोतं भरलेलं होतं की अर्धं?" त्यांनी ओरडून तीनदा विचारलं. तिला ऐकू गेलं नाही. "जेवलात का?" एवढंच तिचं येत राहिलं.

"जेवलो," म्हणून त्यांनी फोन ठेवला. जेवलेले नव्हते. खुंट्या आणि दोरी उचलली आणि पट्ट्याच्या बरोबर मधून सीमा आखायला गेले. दोरीचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. त्यांनी ते दगडाखाली दाबलं.